ब्रेडमेकरमधला ब्रेड ऐन वेळी खाली बसतो. मुंबईच्या हवेत प्रमाण कसे बदलावे?

मुलुंडकर यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दिवाळीत भावाने आम्हाला ब्रेडमेकर भेट दिला. डिसेंबर-जानेवारीत त्यातला मैद्याचा ब्रेड इतका छान होत होता की बाहेरून ब्रेड आणणे आम्ही जवळजवळ बंदच केले होते. एप्रिलपासून मात्र सगळे बिनसले आहे आणि पावसाळा सुरू झाल्यापासून तर एकही ब्रेड धड झालेला नाही. पुस्तिकेतले प्रमाण मी आजही पाळते. ३०० मिली कोमट पाणी, दोन मोठे चमचे तेल, दोन मोठे चमचे साखर, मशीनबरोबर आलेल्या कपाने तीन कप मैदा आणि इन्स्टंट यीस्टचे ७ ग्रॅमचे एक पाकीट, असे ते आहे. मीठ तेवढे मी कमी घालते. पुस्तिकेत दीड छोटा चमचा सांगितले आहे, परंतु घरात रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे मी अर्ध्या चमच्यावर भागवते.

‘बेसिक’ कार्यक्रम ३ तास १० मिनिटांचा आहे. दोन तासांनी काचेतून डोकावले तर ब्रेड फुगून झाकणाला टेकायच्या बेतात असतो आणि आज तरी जमले, असे वाटू लागते. भाजणे सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली की मधोमध खड्डा पडतो. गेल्या रविवारी तो इतका खोल होता की धाकट्याने त्यात आमटीची वाटी ठेवून दाखवली आणि ती कलंडली नाही. मशीन दुरुस्तीला दिले असता दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतले, ‘हीटर ठीक आहे’ एवढेच सांगितले आणि तपासणीचे पैसे मात्र घेतले.

दुसरी अडचण कणकेची आहे. घरच्या गव्हाचे, गिरणीतून दळून आणलेले पीठ वापरले की मशीनमधून ब्रेडऐवजी पेव्हर ब्लॉक बाहेर येतो. तिसरे विचारायचे ते असे की, या मशीनच्या मदतीने लादी पाव किंवा बन करता येतील का? घरात ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


ओट्यावरून यांचा प्रतिसाद

मुलुंडकरताई, तुमच्या मशीनमध्ये दोष नाही, तेव्हा ते पुन्हा कोणाकडे नेऊ नका. ब्रेड झाकणापर्यंत फुगतो याचा अर्थ यीस्ट जिवंत आहे आणि भाजताना बसतो याचा अर्थ पीठ गरजेपेक्षा जास्त आंबून गेले आहे. इडलीचे पीठ उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिले की सकाळी पातेल्यातून उतू जाते आणि डाव घातला की खाली बसते, तोच हा प्रकार आहे. पिठात वायू साठलेला असतो, पण तो धरून ठेवणारी जाळी ताणून ताणून थकलेली असते. मग उष्णता लागली की वायू आणखी प्रसरण पावतो, जाळी फाटते आणि छप्पर खाली येते.

असे आता का होते आणि जानेवारीत का होत नव्हते, याचे उत्तर तुमच्या ‘कोमट’ या शब्दात आहे. या पुस्तिका बहुतेक वेळा अशा देशांसाठी लिहिलेल्या असतात, जिथे स्वयंपाकघराचे तापमान २० अंशांच्या आसपास असते. तिथे पाणी कोमट घेतले नाही तर यीस्ट लवकर जागे होत नाही. आपल्याकडे जुलैत ओट्यापाशी ३० अंश असतात, मैद्याचा डबाही तेवढाच गरम असतो आणि मळताना होणाऱ्या घर्षणाने पीठ आणखी तापते. मळून झालेले पीठ साधारण २६ अंशांवर असावे, असा बेकरीतला हिशेब असतो. त्यासाठी २६ ची तिप्पट करायची, म्हणजे ७८, आणि त्यातून मैद्याचे व खोलीचे तापमान वजा करायचे. दोन्ही ३० धरले तर पाण्यासाठी १८ अंश उरतात. घर्षणाची उष्णता त्यातून आणखी वजा करावी लागते, म्हणून मी हिशेब करीत न बसता सरळ फ्रिजमधली बाटली काढून तिचे पाणी ओतते. या टप्प्यात तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की आंबण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. मशीनच्या घड्याळाला मात्र त्याचा पत्ता नसतो. ते ठरल्या वेळीच भाजायला सुरुवात करते.

यीस्टही कमी करा. ४५० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम यीस्ट हे थंड हवेचे प्रमाण आहे. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मी ४ ग्रॅमच घालते, म्हणजे छोटा सव्वा चमचा. उरलेले पाकीट क्लिपने बंद करून घट्ट झाकणाच्या बरणीत टाकावे आणि ती बरणी फ्रीझरमध्ये ठेवावी, कारण मुंबईच्या दमट हवेत उघडे पाकीट फार दिवस टिकत नाही.

मिठाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या खड्ड्यात त्याचा वाटा मोठा आहे. ब्रेडमध्ये मीठ केवळ चवीसाठी नसते. ते यीस्टला आवर घालते आणि पिठातले ग्लुटेन, म्हणजे वायू धरून ठेवणारी ती चिवट जाळी, घट्ट करते. पिठाच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन टक्के, म्हणजे ४५० ग्रॅमला ८ ते ९ ग्रॅम, हे रूढ प्रमाण आहे. तुमचा अर्धा चमचा भरतो तीन ग्रॅम. म्हणजे एकीकडे पाणी कोमट, यीस्ट भरपूर आणि दुसरीकडे लगाम नाही. डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा अर्थातच मोडू नका. पण मीठ तेवढेच ठेवायचे असेल, तर यीस्ट ३ ग्रॅमवर आणा आणि साखर एका चमच्यावर.

आता कपाचे पाहू. कप पिठात बुडवून काढला की १५० ग्रॅम मैदा येतो आणि चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम. तीन कपांत हा फरक ९० ग्रॅमचा होतो, आणि पाणी मात्र दोन्ही वेळा ३०० मिलीच राहते. पहिल्या वेळी चांगला मऊ गोळा होतो आणि दुसऱ्या वेळी भज्यांचे पीठ. ब्रेडमेकर घेणाऱ्याने त्याच दिवशी डिजिटल वजनकाटा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावाही शोषून बसलेला असतो, त्यामुळे ४५० ग्रॅमला २८० मिली पाण्यापासून सुरुवात करा. मळणे सुरू होऊन दहा मिनिटे झाली की झाकण उघडून पाहा. मळताना झाकण उघडल्याने काहीही बिघडत नाही, भाजताना मात्र ते उघडू नये. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. तो भांड्याच्या कडा सोडून फिरत असावा आणि तळाशी किंचित चिकटत असावा. कोरडा वाटला तर चमचाचमचा पाणी घाला, पसरला तर चमचाचमचा मैदा.

भांड्यात आतल्या बाजूला उभी कड दिसते, ती काही शोभेची नसते. घरगुती ब्रेडमेकर १९८० च्या दशकात जपानमध्ये मात्सुशिता कंपनीने बाजारात आणला. सुरुवातीच्या नमुन्यांत ब्रेड आतून कच्चा आणि बाहेरून करपलेला होत असे. तेव्हा कंपनीतील इकुको तानाका या ओसाकातल्या एका मोठ्या हॉटेलातील मुख्य बेकरकडे मळणे शिकायला गेल्या. तो पीठ नुसते गरागरा फिरवीत नाही, ताणतो आणि पिळतो, हे त्यांनी हेरले. पुढे अभियंत्यांनी तीच ओढ देण्यासाठी भांड्याच्या आत कडा बसवल्या. गोळा त्या कडेवर आपटून ताणला जातो. तो फार सैल असेल तर कडेला नुसता चाटून जातो, आणि ग्लुटेन नीट तयार होत नाही.

शेवटची युक्ती अशी. तुमच्या मशीनमध्ये फक्त ‘बेक’ असा वेगळा कार्यक्रम आहे का, ते पाहा. असेल तर ब्रेड भांड्याच्या काठापासून बोटभर खाली असतानाच, घड्याळ काहीही म्हणो, चालू कार्यक्रम बंद करा आणि ‘बेक’ ५० ते ५५ मिनिटांसाठी लावा. मे महिन्यात माझा निम्म्याहून अधिक ब्रेड असाच होतो.


गिरणगाव यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी फक्त कणकेविषयी लिहितो, कारण पेव्हर ब्लॉकांचा माझा अनुभव तीन वर्षांचा आहे.

ज्यांच्या घरी कुरडया होतात, त्यांना ग्लुटेन म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागू नये. भिजवलेले गहू वाटून चीक काढल्यावर मागे जो चोथा उरतो, त्यात कोंड्याबरोबर एक रबरासारखा चिवट भाग हाताला लागतो. ते ग्लुटेन. ब्रेड फुगतो तो त्याच्या जोरावर. कणकेत ग्लुटेन असते, पण सोबत कोंडाही असतो. कोंड्याचे कण त्या जाळीत कातरीसारखे काम करतात आणि वर भरपूर पाणी पितात. शिवाय जात्याच्या दगडाखाली पिठातला स्टार्चही भरडला जातो आणि तोही जास्त पाणी मागतो. मैद्याच्या हिशेबाने पाणी घातले की कणीक अर्धवट तहानलेली राहते आणि गोळा दगड होतो. ४०० ग्रॅम कणकेला ३०० मिली पाणी घालून पाहा. सुरुवातीला ते फार वाटेल, पण घाबरून लगेच पीठ वाढवू नका.

माझी पद्धत अशी आहे. पाणी आणि कणीक भांड्यात घालून पाच मिनिटे मळू द्यायचे, मशीन बंद करायचे आणि अर्धा तास तसेच ठेवायचे. आपण पोळ्यांची कणीक भिजवून झाकून ठेवतो, त्यामागचे कारणही हेच आहे. त्यानंतर मीठ, तेल आणि यीस्ट घालून पूर्ण कार्यक्रम लावायचा. एवढ्या एका बदलाने माझ्या ब्रेडची उंची चार बोटांवरून सहा बोटांवर गेली. बाजारात ग्लुटेनची पूड मिळते आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बेकिंगच्या दुकानांत ती सहज सापडते. ४०० ग्रॅमला १५ ग्रॅम घातली की ब्रेड नक्की फुगतो. मला व्यक्तिशः त्या ब्रेडचा पोत आवडत नाही, चावताना तो ओढल्यासारखा लागतो. पण घरात मुले असतील तर त्यांना तोच अधिक आवडण्याची शक्यता आहे. सुरुवातीचे काही आठवडे निम्मी कणीक आणि निम्मा मैदा घ्यावा, म्हणजे पदरी निराशा येणार नाही.

गहू कोणता आहे तेही सांगा. लोकवन किंवा सिहोरी असेल तर चालेल. खपली असेल तर त्याची पुरणपोळी करावी, खीर करावी, पण त्याच्याकडून फुगलेल्या ब्रेडची अपेक्षा ठेवू नये, कारण त्यातले ग्लुटेन कमकुवत असते. आणि गिरणीतून आणलेला डबा हाताला गरम लागत असेल, तर ते पीठ त्याच दिवशी वापरू नका. थंड पाणी घालून आपण जे कमावतो, ते गरम पीठ घालवून टाकते.


रात्रपाळी यांचा प्रतिसाद

एक सावधगिरीची सूचना. ताईंनी विचारलेले नाही, पण पुढेमागे त्या ‘टाइमर’ वापरतीलच. रात्री सामान भरून सकाळी सातला गरम ब्रेड मिळतो, ही जाहिरात थंड प्रदेशात खरी असेल. मी दूध, लोणी आणि अंडे घालून आठ तासांचा टाइमर लावला होता. पहाटे अडीच वाजता स्वयंपाकघरातून धपधप आवाज आला, तेव्हा मशीन मळता मळता ओट्याच्या कडेपर्यंत सरकलेले होते आणि झाकण उघडल्यावर नासलेल्या दुधाचा वास सगळ्या घरात पसरला. तेव्हापासून मशीनखाली ओले फडके घडी करून ठेवतो, आणि टाइमर लावायचाच असेल तर दुधाऐवजी पाणी आणि १० ग्रॅम दूध पावडर घालतो. त्या वेळी आधी पाणी, त्यावर मैद्याचा पूर्ण थर आणि त्यावर खळगा करून यीस्ट, असा क्रम पाळावा लागतो, म्हणजे पाणी आणि यीस्ट यांची गाठ वेळेआधी पडत नाही. मीठ आणि साखर कोपऱ्यात, यीस्टपासून लांब ठेवावे.

ब्रेड झाल्यावर तो लगेच भांड्यातून काढून जाळीवर ठेवा. भांड्यातच राहिला तर वाफ बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि त्याच्या बाजू आत ओढल्या जातात. कापण्यापूर्वी किमान तासभर थांबावे. गरम ब्रेड कापला की सुरीला चिकटतो आणि तो कच्चा राहिला, असा आपला उगाच समज होतो.

घरच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारे कॅल्शियम प्रोपिओनेट नसते. त्यामुळे पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी त्यावर हिरवे ठिपके दिसू लागतात. म्हणून तो फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो, पण फ्रिजमध्ये ब्रेड लवकर शिळा होतो. फ्रिजमधला भात जसा ताठ होतो, तशीच ब्रेडमधल्या स्टार्चचीही घडण बदलते, आणि त्या थंडाव्यात हा बदल सर्वांत वेगाने होतो. पहिल्या दिवशी लागेल तेवढा बाहेर ठेवून उरलेल्याचे काप करावेत, ते फ्रीझरमध्ये टाकावेत आणि हवे तेव्हा थेट टोस्टरमध्ये घालावेत. आतला भाग चिकट होऊन त्याला तार सुटू लागली आणि जास्त पिकलेल्या खरबुजासारखा वास आला, तर तो ब्रेड सरळ टाकून द्या. उष्ण आणि दमट हवेत पिठातल्या एका जातीच्या जिवाणूंमुळे असे होते आणि ते भाजण्यानेही मरत नाहीत. पुढच्या वेळी पिठात एक छोटा चमचा व्हिनेगर घातल्यास त्यांना आळा बसतो.


मुलुंडकर यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. काल आणि आज असे दोन प्रयोग केले. आधी वजनकाटा आणला आणि माझ्या तीन कपांत प्रत्यक्षात किती मैदा येतो ते पाहिले. काटा ३८५ ग्रॅमवर थांबला! म्हणजे इतके महिने मी ३८५ ग्रॅमला ३०० मिली पाणी घालत होते. हिवाळ्यात ब्रेड कसा काय होत होता, याचेच आता नवल वाटते.

काल ४५० ग्रॅम मैदा, २८० मिली फ्रिजमधले पाणी, ३ ग्रॅम यीस्ट आणि अर्धाच चमचा मीठ घेतले. खड्डा पडला नाही, माथा मात्र सपाट राहिला. आज घरच्यांशी बोलून मीठ ५ ग्रॅम केले. आमच्याकडे रक्तदाबाचे पथ्य ज्यांचे आहे, ते स्वतः दोनच काप खातात आणि एका ब्रेडचे चौदा काप होतात, हा हिशेब त्यांनीच करून दिला. यीस्ट ४ ग्रॅम घेतले. दहा मिनिटांनी झाकण उघडले तेव्हा गोळा थोडा कोरडा वाटला, म्हणून दोन चमचे पाणी घातले आणि तो डोळ्यांदेखत गुळगुळीत झाला. आजचा ब्रेड घुमटासारखा आला आहे. गहू सिहोरी आहे. कणकेचा प्रयोग शनिवारी करीन.

लादी पावाविषयी कोणी लिहील का?


वसईचा फुगा यांचा प्रतिसाद

लिहितो, कारण माझ्याकडचे मशीन वर्षभर केवळ पीठ मळण्याचेच काम करते. आमच्या वसईकडे लग्नाकार्यात फुगे तळतात. मैदा, अंडी आणि नारळाचा रस यांचे ते सैल पीठ पूर्वी ताडीने फुगवीत, आता यीस्टने फुगवतात. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पावाचे पीठही माडाच्या ताडीनेच आंबवीत असत. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच आहे, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. सांगायचे एवढेच की, या पिठाला मुंबई-वसईची हवा परकी नाही. आपण फक्त यंत्राच्या घड्याळाऐवजी पिठाकडे पाहायला हवे.

आठ इंची चौकोनी डब्यातल्या नऊ पावांसाठी ३५० ग्रॅम मैदा, २२० मिली थंड पाणी, एक मोठा चमचा दूध पावडर, १५ ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम यीस्ट आणि २० ग्रॅम लोणी घ्या. मशीनवर ‘डो’ हा कार्यक्रम लावा. लोणी सुरुवातीलाच न घालता गोळा जमून आल्यावर पाच मिनिटांनी घाला. मळणे संपत आले की लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच ताणा. पुरणपोळीची कणीक चांगली तिंबली की तिचा न फाटता पडदा होतो, तसा पडदा व्हायला हवा. तो लगेच फाटत असेल तर कार्यक्रम पुन्हा सुरुवातीपासून लावून आणखी दहा मिनिटे मळू द्या. कार्यक्रम बहुधा दीड तासाचा असतो, पण आपल्याकडे पीठ तासाभरात दुप्पट होते. झाले की लगेच काढा.

तेलाच्या हाताने पीठ दाबून वायू काढा आणि साधारण ६८ ग्रॅमचे नऊ गोळे करा. गोळा वळताना कडा खाली ओढून तळाशी चिमटायच्या असतात, म्हणजे वरचा पृष्ठभाग मोदकाच्या पारीसारखा ताणलेला राहतो. नवशिक्यांचे पाव पसरतात ते येथे हयगय झाल्यामुळे. गोळे बोटभर अंतराने मांडून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. ते फुगून एकमेकांना टेकले की बोटाने हलके दाबून पाहा. खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर वेळ झाली, टुणकन वर आला तर दहा मिनिटे थांबा, आणि तसाच राहिला तर उशीर झाला. ओटीजी आधीच २०० अंशांवर तापलेला असावा. वरून दुधाचा हात फिरवून मधल्या खणात १६ ते १८ मिनिटे भाजा. बाहेर काढल्याबरोबर लोणी लावून कोरड्या सुती फडक्याने झाका, म्हणजे वरची साल मऊ पडते. बर्गरचे बन करायचे असतील तर हेच गोळे ८० ग्रॅमचे करा, सुटे सुटे ठेवा आणि थोडे चपटे करा. बाकी काही बदलत नाही.

कडक किंवा ब्रून पावाच्या वाटेला मात्र मी जात नाही. त्याचे ते कडकड मोडणारे कवच भट्टीच्या विटांची साठवलेली उष्णता आणि सुरुवातीची वाफ यांतून येते, आणि ओटीजीच्या पत्र्याला ते जमत नाही. त्यासाठी मी फोर्टात किंवा धोबी तलावावर इराण्याकडे जातो. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. शहराच्या हवेचा विचार करता ते योग्यच आहे, तरी लाकडाच्या धगीवरच्या पावाची चव जिभेवर असलेल्यांना हळहळ वाटल्यावाचून राहणार नाही.


मुलुंडकर यांचा प्रतिसाद

आज सकाळी लादी पाव केले. पहिल्या घाण्यात मी गोळ्यांच्या कडा नीट चिमटल्या नव्हत्या, त्यामुळे तीन पाव तळाशी उकलले; दुसरा घाणा नऊच्या नऊ चांगला आला. दुपारी त्याच पावांबरोबर बटाटेवडे झाले आणि शेजारच्या काकूंनी पाव कोणत्या बेकरीतून आणले, असे विचारले. शनिवारी केलेला निम्म्या कणकेचा ब्रेडही सहा बोटे नाही, पण पाच बोटे नक्की उंच झाला.

आता एकच शंका राहिली आहे. दर वेळी मळण्याचे पाते ब्रेडच्या तळात रुतून बसते आणि ते सुरीने काढताना ब्रेडचे भगदाड होते. यावर काही उपाय आहे का?


ओट्यावरून यांचा प्रतिसाद

सुरी अजिबात वापरू नका. पात्यावरचा लेप ओरखडला की पुढच्या ब्रेडपासून पीठ तिथेच चिकटू लागते. दोन उपाय आहेत. शेवटचे मळणे संपले की, म्हणजे बहुतेक मशीनमध्ये भाजणे सुरू होण्याच्या तासभर आधी, तेलाच्या हाताने गोळा उचलून पाते काढून घ्या आणि गोळा परत ठेवा. दांड्याचे करंगळीएवढे भोक पडते, त्यापलीकडे काही नाही. ती वेळ चुकली तर ब्रेड पूर्ण थंड होऊ द्या, उलटा करा आणि पात्याच्या मधल्या भोकात क्रोशाची जाड सुई अडकवून सरळ वर ओढा. माझी सुई आता मशीनच्या खोक्यातच असते. भाजण्यापूर्वी दांड्याला आणि पात्याच्या भोकाला तेलाचे बोट लावले, तर तेही फारसे अडत नाही.


मुलुंडकर यांचा प्रतिसाद

क्रोशाची सुई सासूबाईंच्या पेटीत आहे. त्यांनी ती दिली, पण धुऊन परत द्यायची या अटीवर. आजचा ब्रेड सध्या जाळीवर गार होतो आहे.